अंगठा उठवण्यापूर्वी

आमच्या लहानपणी ‘अंगठाबहाद्दर’ या शब्दाची मोठी दहशत होती. सुटीत आजोळी, शिरूरला गेलो आणि अभ्यासाचा कंटाळा केला की मामा चष्म्यावरून पाहत म्हणायचे, “राहा मग अंगठाबहाद्दर!” त्या धाकाने आम्ही भावंडे शिकलो, पदव्या घेतल्या, नोकऱ्याही करून संपवत आणल्या, आणि आता पन्नाशी उलटल्यावर पाहतो तो काय, घरातली यच्चयावत माणसे पुन्हा अंगठे उठवू लागली आहेत! सकाळी फोन उघडायला अंगठा. बँकेतली शिल्लक पाहायला अंगठा. विजेचे बिल, विम्याचा हप्ता, रेल्वेचे तिकीट, सगळीकडे अंगठा नाहीतर चेहरा. कचेरीत हजेरीला अंगठा, रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा. ज्यांनी आम्हाला या शब्दाचा धाक घातला, ते शाळेत जन्मभर इतिहास शिकवून निवृत्त झालेले आमचे मामाही या नव्या अंगठाबहाद्दरांच्या पंक्तीला कधीच येऊन बसले आहेत.

दिवाळीच्या फराळाबरोबर हा रुक्ष विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण सगळे घर आणि घरातले सगळे फोन एका छपराखाली येतात ते दिवाळीतच. शिवाय गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले, ते कुणाच्याही घरात घडू शकेल. म्हणून आधी ते सांगतो.

मामांचा हात

आषाढातली पहाट होती. मामा परसात गेले आणि तिथेच कोसळले. शिरूरच्या डॉक्टरांनी ताबडतोब पुण्याला न्यायला सांगितले. रुग्णालय गाठेपर्यंत मामांची शुद्ध हरपली होती. अनामत रक्कम भरायची होती. मामेभावाच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. मामांच्या खात्यात होते. पण खाते मामांच्या फोनात, फोन मामांच्या खिशात आणि फोनाची किल्ली मामांच्या उजव्या हाताला! मामींना पिन ठाऊक नव्हता. बँक उघडायला अजून तीन तास होते.

मामेभावाने मागचापुढचा विचार केला नाही. वडिलांचा हात उचलला, धोतराच्या सोग्याने अंगठा पुसला आणि फोनावर टेकवला. फोन उघडला. पुन्हा टेकवला; बँकेचे ॲप उघडले. मुदत ठेव मोडली, बँकेने पडताळणीचा आकडा पाठवला तोही त्याच फोनावर आला, आणि पैसे भरले गेले.

मामा वाचले. तीन आठवड्यांनी घरी आले, सवयीप्रमाणे हिशेबाची वही घेऊन बसले आणि विचारते झाले, “ही ठेव कुणी मोडली?” मामेभावाने खरे ते सांगितले. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पैशांचे काही नाही रे. माझ्यासाठीच खर्च झाले. पण माझा अंगठा उठला आणि मी तिथे नव्हतो.”

“मग बाबा, मी काय करायला हवे होते?” मामेभावाच्या डोळ्यांत पाणी आले.

या प्रश्नाला त्या दिवशी घरात कुणाकडेच उत्तर नव्हते. दोघांचेही खरे होते.

करडे आणि सुपे

मामा पडले इतिहासाचे शिक्षक. पुढे मी भेटायला गेलो तेव्हा पडवीत खुर्ची टाकून त्यांनी मला आमच्याच मुलखाची गोष्ट सांगितली.

शिरूर घोड नदीच्या काठी, दौंड भीमेच्या काठी; घोड शेवटी भीमेलाच मिळते. शिरूरहून चौफुल्याच्या रस्त्याला लागले की करडे गाव लागते. १८७४ च्या डिसेंबरात या करड्याने आपल्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याच्याकडे न्हावी जाईना, परीट जाईना, पाणी भरायला कुणी मिळेना. पुढच्या वर्षी १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांचा राग भडकला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होते आणि आजचे दौंडही त्याच भीमथडीचे. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत हे लोण पसरले. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. ९५१ माणसे पकडली गेली.

“त्या लोकांनी सावकारांकडे काय मागितले असेल?” मामांनी वर्गात विचारावे तसे विचारले. “धान्य नव्हे, रोकड नव्हे. वह्या आणि कर्जरोखे मागितले! मिळाले तिथे चव्हाट्यावर आणून जाळले.”

कारण उघड होते. कुणब्याला अक्षरओळख नव्हती. सहीच्या जागी तो नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा तीन वर्षांनी कालबाह्य होऊ लागला. कायदा केला होता शेतकऱ्याच्या सोयीसाठी. सावकाराने त्यातून वाट काढली. दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिळवून नवा रोखा, नवी निशाणी. निशाणी खरी, हातही खरा. पण हाताच्या मालकाला आपण काय कबूल करतो आहोत याचा पत्ता नाही. दंग्यांनंतर सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, सही किंवा निशाणी त्याच्या समक्ष व्हावी, असे त्यात ठरले. निशाणी करणारा माणूस तोच आहे ना, एवढे बघणारा तिसरा कुणीतरी हवा, हे सरकारला तेव्हा पटले.

बोटांच्या ठशांची कथाही त्याच काळातली. १८५८ च्या जुलैत बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने सडकेच्या खडीचा करार करताना कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्याहून दौंडावरून भिगवणजवळच्या दिकसाळपर्यंत आगगाडी धावू लागली. पुढे १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीयांच्या मेहनतीने ठशांची वर्गवारी ठरली. जगभरच्या पोलिसांनी ती उचलली; नाव मात्र साहेबाचे, हेन्रीचे, लागले!

“आणि गांधीजी?” मामा पुढे म्हणाले. दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर बोटांच्या ठशांची सक्ती केली, तेव्हा गांधीजींनी लढा उभारला. १९०८ साली तडजोड झाली. सक्ती उठणार असेल तर ठसे राजीखुशीने देऊ, असे त्यांनी मान्य केले. ते द्यायला जात असता १० फेब्रुवारीला त्यांच्यावर जीवघेणा हल्ला झाला. तरी अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी दहाही बोटांचे ठसे दिले. काल जो ठसा नाकारला तो आज दिला. मधे फरक पडला तो राजीखुशीचा.

मामांच्या बोलण्याचा रोख माझ्या ध्यानात आला. अंगठा माणसाची ओळख पटवतो. त्याची संमती पटवत नाही. या दोन गोष्टींची आपण गल्लत केली की घोटाळा सुरू होतो.

फोनाच्या पोटातली आजी

आता हे यंत्र करते तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की आपण अंगठा टेकवला की त्याचे चित्र बँकेत जाते आणि बँक ते आपल्या नोंदीशी ताडून पाहते. तसे नाही.

जुन्या वाड्यातली आजी आठवा. सगळ्या कुलपांच्या किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. नातवंडाने दार ठोठावले की ती आवाज ओळखी, स्वतः उठून हवे ते कपाट उघडी. किल्ली कुणाच्या हाती देत नसे. आपल्या फोनात अशीच एक आजी बसवलेली आहे. आपल्या बोटाच्या रेषांचे आकड्यांत केलेले टिपण ती फोनातल्याच एका बंदिस्त कप्प्यात ठेवते. बोट जुळले की ती बँकेच्या कुलपाला बँकेची किल्ली लावते, टपालाच्या कुलपाला टपालाची. बँकेला कळते ते इतकेच, की आजीने हो म्हटले. बोट कसे दिसते ते बँकेला कधीच कळत नाही.

आयफोनात ही सोय २०१३ साली आली आणि हळूहळू सगळ्याच फोनांत पसरली. २०२२ च्या मे महिन्यात ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून ‘पासकी’ नावाची नवी किल्ली सर्वत्र चालवण्याचे जाहीर केले. हिच्यात परवलीचा शब्दच नसतो. किल्लीचे दोन भाग असतात. एक तुमच्यापाशी, एक त्या सेवेपाशी. सेवा एक कोडे पाठवते, तुमचा फोन आपल्या भागाने ते सोडवून धाडतो. चोरायला परवलीचा शब्दच नाही, त्यामुळे खोटी संकेतस्थळे दाखवून तो काढून घेणाऱ्या भामट्यांचा धंदा इथे बसतो. २०२५ च्या ऑक्टोबरात यूपीआयच्या व्यवहारातही पिनऐवजी बोट किंवा चेहरा चालावा, अशी सोय जाहीर झाली. थोडक्यात, ही व्यवस्था जुन्या परवलीच्या शब्दापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे, यात शंका नको.

पण या आजीच्या तीन खोडी आहेत.

पहिली अशी, की ती एकदा ज्याला ‘घरचा’ म्हणून ओळखू लागली, त्याला सगळी कपाटे उघडून देते. फोनात चार-पाच बोटे नोंदवता येतात. पण अमुक बोट फक्त खेळासाठी आणि तमुक बँकेसाठी असा भेद सहसा होत नाही.

दुसरी, प्रत्येक फोनात, टॅबलेटात, संगणकात वेगळी आजी असते. एकीची ओळख दुसरीला नसते. प्रत्येकीसमोर बोट नव्याने नोंदवावे लागते. पासकी मात्र एका कंपनीच्या खात्यामार्फत तुमच्या सगळ्या यंत्रांत पोचू शकते. तेव्हा त्या मूळ खात्याची आणि त्याला जोडलेल्या फोन नंबरची राखण सर्वांत महत्त्वाची.

तिसरी खोड अशी, की तिलाही विस्मरण होते. फोन बंद करून पुन्हा सुरू केला, बोट लागोपाठ चुकले, की ती म्हणते, “पिन सांग!” म्हणजे शेवटी सत्ता पिनचीच. ज्याला पिन ठाऊक, तो आपले बोटही नोंदवू शकतो. (असे नवे बोट नोंदवले की पुष्कळ बँकांची ॲपे सावध होऊन पुन्हा परवलीचा शब्द मागतात. तेव्हा वैतागू नये. ती आपलीच राखण आहे.)

आणि मामांच्या बाबतीत झाले तेही लक्षात ठेवा. काही फोन चेहरा ओळखताना डोळे उघडे आहेत की नाहीत ते पाहतात. अंगठ्याला डोळे नसतात. झोपलेल्या माणसाचा अंगठा जाग्या माणसाइतकाच चालतो.

दौंडची मावशी

फोनातला अंगठा आणि ‘आधार’चा अंगठा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही सांगितले पाहिजे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. तिथे दहा बोटे आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळे मध्यवर्ती भांडारात नोंदली जातात आणि आपण यंत्रावर अंगठा ठेवला की त्या भांडाराशी ताडून पाहिले जाते. इथे आजी घरात नाही, दूर सरकारदरबारी बसली आहे.

ती मात्र कधी कधी घरच्याच माणसाला ओळखत नाही. आमची मावशी दौंडला असते. काका रेल्वेत होते. त्यांच्या माघारी तिला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. वयाची ऐंशी उलटली आहे. हयातीचा दाखला दरसाल द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ या सोयीने अंगठ्यावर देता येतो. गेल्या दिवाळीआधी ती गावातल्या एका केंद्रात गेली. जन्मभर राखेने भांडी घासलेली, सरपण मोडलेली बोटे ती. रेषा पार झिजलेल्या. यंत्राने तिला चक्क अंगठा दाखवला! केंद्रातला मुलगा म्हणत होता, “आजी, पुन्हा लावा.” सहा वेळा लावला. शेवटी मावशी कळवळून म्हणाली, “अरे बाळा, मी आहे रे! मीच आहे!”

ऊसतोडणी कामगार, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया यांच्या वाट्याला हा प्रसंग कायम येतो. ज्यांच्या हातांनी काम जास्त केले, त्यांचेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत. मावशीचे काम शेवटी चेहऱ्याने झाले. २०२१ पासून ती वाट खुली आहे. मामेभावाच्या फोनासमोर ती बसली, ॲपने डोळे मिचकावायला सांगितले, तिने मिचकावले, आणि हयात असल्याचा दाखला मिळाला. “डोळा मारल्याशिवाय सरकार जिवंत मानत नाही होय?” म्हणून ती दिवसभर हसत होती.

आधारच्या अंगठ्याचा एक धोका मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही, आणि तो आपण जागोजाग उमटवत फिरतो. २०१८ साली तेलंगणात एका इसमाने संकेतस्थळावर ठेवलेल्या जमिनीच्या दस्तऐवजांवरून लोकांच्या अंगठ्यांचे रबरी ठसे तयार केले आणि त्यांवर सिमकार्डे चालू करून घेतल्याचे उघडकीस आले. यावर उपाय सोपा आणि फुकट आहे. आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून आपल्या बोटांची व बुबुळांची नोंद ‘लॉक’ करून ठेवता येते आणि काम पडेल तेव्हा थोड्या वेळापुरती उघडता येते.

भाऊबीजेची बैठक

भाऊबीजेला मामा शिरूरहून दौंडला बहिणीकडे आले, मीही पुण्याहून सकाळच्या गाडीने पोचलो. ओवाळणी झाली, फराळ झाला, आणि मामांनी फर्मान काढले, “सगळ्यांनी आपापले फोन काढा!” मावशीच्या माजघरात सतरंजीवर फोन, टॅबलेट, संगणक मिळून अकरा यंत्रे मांडली गेली.

मामांच्या फोनात चार बोटे निघाली. दोन मामांची. एक मामेभावाचे, चार वर्षांपूर्वी फोन नवा घेतला तेव्हा त्यानेच नोंदवले आणि विसरून गेला. म्हणजे त्या रात्री वडिलांचा हात उचलण्याची गरजच नव्हती! आणि चौथे बोट? ते मामांच्या अकरा वर्षांच्या नातवाचे निघाले. आजोबा दुपारी झोपले की खेळ खेळता यावा म्हणून त्याने एकदा त्यांच्याकडूनच पिन विचारून घेतला होता. मामांच्या जन्माची पुंजी गेले वर्षभर त्या पोराच्या करंगळीने उघडत होती. पोर गुणी, म्हणून निभावले.

त्या दुपारी आम्ही जे केले ते वाचकांनीही करावे. तासाभराचे काम आहे.

प्रत्येक फोनातली नोंदलेली बोटे आणि चेहरे पाहिले. मालकाशिवायची सगळी काढली, पिन बदलले. मालकाची मात्र दोन्ही हातांची एकेक बोटे नोंदवली. सुरीने कापले तर अडायला नको. विकलेल्या, दुरुस्तीला दिलेल्या जुन्या फोनांची नावे खात्यांच्या यादीतून काढून टाकली. मूळ खात्यांना जोडलेले नंबर तपासले. मावशीच्या खात्याला तर कैलासवासी काकांचा बंद पडलेला नंबर होता! महत्त्वाच्या खात्यांचे पर्यायी आकडे कागदावर लिहून लिफाफ्यात बंद केले आणि लिफाफा कपाटात ठेवला. सगळ्यांचे आधार लॉक केले.

मग मामेभावाचा जुना प्रश्न निघाला: अडीअडचणीला काय करायचे? मामांनी त्याचे उत्तर तयार ठेवले होते. त्यांनी मामींच्या आणि मुलाच्या नावासह एक संयुक्त खाते उघडले होते, तिघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल असे. त्यात दुखण्याखुपण्यापुरती रक्कम ठेवली होती. बाकी ठेवींवर वारसाचे नाव लावले होते. मामींना स्वतःचा फोन आला होता, त्यात त्यांचे स्वतःचे बोट होते. शाळेच्या पाठासारखे मामींनी आम्हाला शिल्लक पाहून दाखवली, तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

“आता बेशुद्ध पडलो तर हात उचलायचा तो नाडी बघायला,” मामा म्हणाले.

संध्याकाळी मी निघालो. मामांनी नातवाला जवळ बोलावले आणि आपला फोन त्याच्यापुढे धरला. “खेळायचे असेल तर माग. मी जागा असेन तेव्हा उघडून देईन.”

“आणि तुम्ही झोपलेले असलात तर?” नातवाने विचारले.

“तर थांब,” मामा म्हणाले. “करड्याच्या लोकांची गोष्ट तुला अजून सांगायची आहे.”